काशिनाथचे डोळे

परवा माझ्या फोनने मला एक प्रश्न विचारला. भाद्रपदातली चिकट दुपार होती. पाऊस जातो म्हणून सांगून दारातच घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा अडून बसलेला, आणि मी पंख्याखाली बनियनवर पेंगत होतो. पडद्यावर दोन गोल उमटले. गोलांत दोन चेहरे. खाली अतिशय नम्रपणे लिहिलेलं : या दोन व्यक्ती एकच आहेत का?

डावीकडे होता बाळाराम, आमच्या रेतीबंदरचा, हसू दाबून उभा. उजवीकडे त्याचा थोरला भाऊ काशिनाथ. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी शेवटी काशिनाथ डोंबिवलीच्या खाडीत बुडी मारून गेला, तो अजून वर आलेला नाही.

मला हसू आलं. मग ते गेलं. फोनची काही चूक नव्हती. उजवीकडच्या चेहऱ्यातले डोळे खरोखरच डावीकडच्या माणसाचे आहेत. ते तिथे बसवले मी.

पितृपक्ष हा आमच्याकडे पंधरवडा नसतो, तो ऋतू असतो. गणपतीचे मांडव उतरलेले असतात आणि बांबूंची भोकं रस्त्यात तशीच राहिलेली असतात. सोसायटीच्या कुंपणावरचा तेरडा मान टाकतो. जिन्यात प्रत्येक मजल्यावर वेगळा वास : पहिल्यावर तांदळाची खीर, दुसऱ्यावर अळूची भाजी, तिसऱ्यावर आमसुलाची चटणी. कावळ्यांना या दिवसांत इतकी मागणी असते, की बोलावलं तरी ते 'बघतो, जमलं तर येतो' अशा चेहऱ्याने समोरच्या गच्चीवर बसून राहतात. आणि घराघरांतून भिंतीवरची माणसं खाली उतरतात. वर्षभर उंचावर राहिलेल्या त्या मंडळींना स्टुलावर, पलंगावर, कधी थेट फरशीवर टेकवून ठेवतात. ओल्या वर्तमानपत्राने काच पुसायची, चंदनाचा हार झटकायचा, चौकटीमागची पालीची अंडी काढायची. वर्षातून एकदाच मेलेली माणसं आपल्या उंचीला येतात. मग पुन्हा खिळ्यावर.

या माणसांचा एक नियम आहे. तो मला आईने शिकवला, ऐंशीच्या दशकात, आम्ही ठाण्यात राहायचो तेव्हा. भिंतीवरच्या माणसाचे डोळे उघडे पाहिजेत. आजोबा वारले तेव्हा त्यांचा एकच फोटो निघाला. तो काढणाऱ्याने कधीकाळी 'तयार?' म्हणून विचारलेलं असणार, आणि आजोबांनी आयुष्यभर प्रत्येक प्रश्नाचा विचार ज्या शिस्तीने केला त्याच शिस्तीने डोळे मिटले असणार. आई म्हणाली, "मिटलेले चालत नाहीत. घर कसं दिसेल त्यांना?" मग स्टेशनजवळच्या स्टुडिओवाल्याने बारीक कुंचल्याने आजोबांचे डोळे उघडले. उघडले म्हणजे टकटकीत उघडले. जिवंतपणी कशाचंच आश्चर्य न वाटलेले आमचे आजोबा पुढची कितीतरी वर्षं भिंतीवरून असे बघत राहिले, जणू वरणात कोणीतरी गुळाची अख्खी ढेप टाकली आहे. आजी त्या फोटोकडे बघून नमस्कार करायची नाही. जरा बाजूला, घड्याळाकडे बघून करायची.

जिवंत माणसांचे फोटो तेव्हा शर्टाच्या खोक्यात राहायचे. त्याला पायजम्याची नाडी बांधलेली. खोकं उघडलं की बारसं, मुंज, अष्टविनायक आणि कोणाची तरी म्हैस असं सगळं एकमेकांच्या अंगावर झोपलेलं सापडायचं. हवा तो फोटो कधी मिळायचा नाही. पण तो शोधताना नको ते इतके मिळायचे, की दुपार मजेत जायची. व्यवस्था म्हणजे काय, याची माझी सगळी कल्पना त्या खोक्यातून आलेली आहे, असं माझी बायको नीता म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

तर नव्वदीचा शेवट. लग्न नुकतंच झालेलं, डोंबिवली पश्चिमेला दोन खोल्यांचा संसार मांडलेला, आणि मला फोटोंचा नाद. नाद म्हणजे रविवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून मी जो बाहेर पडायचो तो ठाकुर्लीचा पॉवर हाऊसचा परिसर, खाडीचा काठ, रेतीबंदर असं हिंडून, चिखलाने माखून, भुकेला होऊन परत यायचो. आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात मला मान होता. मंडळात आम्ही मोजकेच होतो, आणि प्रत्येकाला मान होता.

मंडळातला माझा जिवलग मिलिंद संगणकाचे क्लास चालवायचा. क्लासात नवी यंत्रं आली तेव्हा जुन्यातलं एक त्याने माझ्या घरी आणून ठेवलं. सोबत स्कॅनर आणि प्रिंटर. नीताने त्या संगणकाला क्रोशाचं झाकण विणलं, ते अगदी तान्ह्या बाळाच्या झबल्यासारखं दिसायचं. आणि पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी मिलिंद दोन सीडी घेऊन आला. नावं इतकी लांबलचक, की त्याने वर मार्करने आपलीच नावं लिहिली होती. एकीवर 'डॉक्टर'. एकीवर 'कपाट'.

"डॉक्टर फोटो दुरुस्त करतो," मिलिंद म्हणाला. "फाटलेला जोडतो, उडालेला रंग भरतो, नको तो माणूस काढतो. कपाट काहीच करत नाही. फक्त लावून ठेवतं. नाव सांगितलं की एका झटक्यात फोटो समोर."

"दोन्ही टाक," मी म्हणालो.

"या डबड्यात? दोन्ही टाकले तर हे उठायचं नाही. एक काय ते ठरव."

मी तत्काळ डॉक्टर म्हणालो. त्याच क्षणी नीता आतून कपाट म्हणाली. आमची ओळख कॉलेजपासूनची, त्यामुळे अरे-अगंचा संसार आणि मतभेदांना पूर्ण वाव.

"न सापडणारे सुंदर फोटो काय कामाचे रे?"

"आणि बिघडलेले पटकन सापडून काय करायचंय?"

"माझ्या मंगळागौरीचे फोटो कुठे आहेत सांग. आत्ता."

मी विषय बदलला. शेवटी तह झाला. काही दिवस डॉक्टर ठेवायचा, मग तो उतरवून काही दिवस कपाट, आणि अमावास्येनंतर जो आवडेल तो कायमचा. आज वाटतं, देशातल्या किती मोठ्या निवडी आम्ही याहून कमी विचाराने केल्या.

डॉक्टर पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात गेला. मी मिलिंदच्या चेहऱ्यावरचा तीळ काढला. मग मुरूम. मग मिशी. मिशीशिवाय मिलिंद इतका गरीब दिसायला लागला की आम्ही ती घाईघाईने परत आणली. मग आमच्या लग्नाच्या फोटोतून नीताचे कल्याणचे काका काढले, कारण ते माझ्या आणि तिच्या मधोमध उभे होते.

"काकांना परत आण," नीता म्हणाली.

"गेले ते. मी फोटो सेव्ह केला."

"अरे, ते जिवंत आहेत. दिवाळीला येणार आहेत जेवायला."

बातमी बिल्डिंगभर पसरायला आमच्याकडे जिन्यातला वास पुरतो. हळूहळू लोक यायला लागले, हातात मळकट पाकीट, पाकिटात एखादा फोटो, आणि चेहऱ्यावर तो ठरावीक भाव : यातला एकच काढून द्यायचाय. कोणाच्या वडिलांना आयुष्यात न घातलेला कोट हवा. कोणाच्या आईच्या मांडीवरचं पोर काढायचं, कारण पोर आता बँकेत नोकरीला आहे आणि गेलेल्यांच्या चौकटीत जिवंत माणूस राहू नये. पोर काढलं की मांडी रिकामी राहायची आणि हात तसेच गोल धरलेले. त्या हातांत मी एक पोथी ठेवली. घरातले लोक म्हणाले, आईला वाचता येत नव्हतं, पण असू द्या, छान दिसतंय. मी डॉक्टर, मिलिंद कंपाउंडर, आणि आमचे सगळे रुग्ण आधीच गेलेले. इतका निर्धास्त दवाखाना जगात दुसरा नसेल.

आणि मग द्वारकाबाई आली.

द्वारकाबाई म्हणजे आमच्या गल्लीला मासे देणारी. डोक्यावर पाटी, कमरेला खोचलेलं लुगडं, आणि सगळ्या बिल्डिंगला अरे-तुरे. चेअरमनांनाही. या पंधरवड्यात अर्धी बिल्डिंग मासे खात नाही, त्यामुळे ती मोकळ्या हाताने आली. पाटीशिवाय ती मला अनोळखी वाटली, बुटकी झाल्यासारखी. मागे तिचा दीर, बाळाराम. दोघंही चटईवर बसली. नीताने पाणी दिलं. ते पिऊन बाळाराम म्हणाला, "दादाचा फोटू हाय ना तुज्याकडं? होरीवरून काढलेला?"

होता. दोन वर्षांपूर्वीचा. रेतीबंदरला होडी घेऊन खाडीच्या मध्यावर जातात, तळात बांबू रोवतात, आणि एकजण लोखंडी बादली घेऊन त्या बांबूला धरून खाली उतरतो. तळाची रेती हाताने बादलीत भरतो, दोरीला हिसका देतो. वरचे बादली ओढून घेतात. मग तो बांबू धरून वर येतो, छातीत हवा भरतो आणि पुन्हा खाली. दिवसभर. एका रविवारी मी त्यांच्या होडीत बसून काशिनाथचे फोटो काढले होते. त्यातला एक फार चांगला आला : काळं पाणी, ओला बांबू, आणि पाण्यातून नुकतंच वर आलेलं एक डोकं. गालांवरून पाणी ओघळतंय. तोंड हवेसाठी उघडलेलं. डोळे मिटलेले. मंडळाच्या प्रदर्शनात त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेलं.

त्यानंतरच्या वैशाखात काशिनाथ असाच खाली गेला. दोरीला हिसका बसला. बाळारामने बादली ओढली. बादली काठोकाठ भरून आली.

ते काही दिवस शोधत राहिले. मग पावसाळा आला, आणि खाडी पावसाळ्यात कोणाचं काही परत देत नाही. एक पितृपक्ष असाच गेला, कारण देह मिळाला नव्हता आणि द्वारकाबाई कपाळ पुसायला तयार नव्हती. आता हा दुसरा. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी निरोप दिलेला की सर्वपित्रीला काशिनाथच्या नावाने पान ठेवायचं आणि भिंतीवर फोटो लावायचा. ज्याचा फोटो भिंतीवर चढला तो गेला. बाकी विधी काय ते भटजी बघेल, पण घराला कळतं ते खिळ्यावरून. आणि त्या दिवसापासून द्वारकाबाई विधवा.

हे सगळं बाळारामनेच सांगितलं. ती ऐकत होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मुद्दाम लावल्यासारखं.

मी निगेटिव्हवरून मोठी केलेली ती प्रत स्कॅनरवर ठेवली. पडद्यावर काशिनाथ वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने येत गेला. आधी केस, मग कपाळ. बाळाराम पुढे सरकून बघत होता.

"डोले मिटलेले हायत," तो म्हणाला.

"सगळ्याच फोटोंत मिटलेले आहेत."

"नाय चालत तसा."

मला आईचा आवाज आठवला. दुसरा फोटो आहे का, विचारलं. लग्नातला होता. त्यात मुंडावळ्यांच्या मागे नुसती हनुवटी. मतदार ओळखपत्र होतं. त्यावरच्या काळ्या डागातून काशिनाथ ओळखायचा तर आधी काशिनाथ माहीत असायला हवा. बाळारामने ओळखपत्र उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाला, "आमी दोगं सारके दिसायचो. माजे घे."

"काय घेऊ?"

"डोले."

दुसऱ्या दिवशी आमच्या गॅलरीत स्टुलावर बसवून मी बाळारामचे डोळे काढले. काढले म्हणजे फोटो काढला. तो बिचारा शेवटपर्यंत पापणी लवू देत नव्हता. पुढचे दोन दिवस मी कामावरून आलो की डॉक्टरसमोर बसायचो. डोळे कापायचे, तिरपे करायचे, भुवईखाली बसवायचे, कडा पुसायच्या. मिलिंद मागे उभा राहून म्हणाला, "जिवंत माणसाने मेलेल्याला केलेलं हे पहिलं नेत्रदान." नीताने त्याच्याकडे असं बघितलं, की तो चहा न घेता गेला.

काम मात्र झकास झालं. मी स्वतःवर खूश होतो. पाणी गाळलं, मागे निळसर भिंत आणली, अंगात सदरा घातला. काशिनाथ माझ्याकडे बघत होता.

दोघांना बोलावलं. बाळारामने पडद्याला हात जोडले. द्वारकाबाई चटईवरून उठली, अगदी जवळ आली. तिच्या श्वासाने काच धुरकटली.

"ह्यो बाळाराम हाय," ती म्हणाली.

"नुसते डोळे त्याचे आहेत, द्वारकाबाई. बाकी सगळा काशिनाथच."

"मंग काशिनाथ कंचा ऱ्हायला?"

मी तिला मूळ फोटो दाखवला. तो बघून तिचा चेहरा सैल झाला.

"ह्योच दे. डोले मिटलेलेच ऱ्हाऊ दे."

"वयनी," बाळाराम म्हणाला, "मिटलेला मानूस भिंतीवर लावतात काय?"

"भिंतीवर कोन लावतंय?" ती त्याच्याकडे न बघता माझ्याशीच बोलत राहिली. "तुला ठाव नाय. खाली गालच गाल, निस्ता चिखल, काय दिसत नाय. बुडी मारनारा डोले मिटूनच जातो, मिटूनच येतो. वर आला, त्वांडावरचा पानी निथलला, का मंग उघडतो. तू फोटू काढलास तवा त्याला उघडायचे होते. अजून उघडायचे हायत."

"वरीस उलटून गेला, वयनी."

"उलटू दे."

"बादली मी वढली," बाळाराम एकदम म्हणाला. "मना म्हाईत हाय ना. भरलेली बादली मी वढली." आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली कोणीतरी कावळ्याला हाका मारत होतं.

शेवटी बाळारामने सदऱ्यातला काशिनाथ नेला, द्वारकाबाईने काहीच नेलं नाही. ती म्हणाली, "माजा तुज्या पेटीतच ऱ्हाऊ दे. मी सांगंन तवा दे."

तहाप्रमाणे त्या आठवड्यात डॉक्टर उतरला आणि कपाट चढलं. कपाट हा भलता शिस्तीचा प्राणी. फोटो दाखवला की आधी विचारणार : कप्पा? कप्पा सांगितल्याशिवाय आत घेणार नाही, आणि एक फोटो एकाच कप्प्यात. नीताला तर स्वर्ग हाती आला. तिने रोमन अक्षरांत कप्पे केले. लग्न. सहली. मंगळागौर. आणि त्या पंधरवड्यात आलेल्या ढिगासाठी दोन : 'असलेले' आणि 'गेलेले'. मी फोटो देत होतो, ती लावत होती. एका दुपारी आम्ही कितीतरी माणसं मार्गी लावली. मग मी काशिनाथचा मूळ फोटो दिला आणि तिचा हात थांबला.

"कुठे टाकू?"

"गेलेले," मी म्हणालो. "खरं ते खरं."

"तिला विचारलंस?"

"मग असलेल्यांत टाक."

"ते तरी खरं आहे का?"

"मग बाहेरच ठेव."

"बाहेर ठेवता येत नाही. हे घेतच नाही तसं." ती पडद्याकडे बघत राहिली. मला चेव आला. मी म्हटलं, बघ, डॉक्टर असता तर असले प्रश्न विचारले नसते. ती म्हणाली, "हो. त्याने सरळ डोळे बदलले असते." मग तिने एक तिसरा कप्पा केला. त्याला नाव दिलं 'खाडी'. त्यात तो एकच फोटो ठेवला.

आज फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि मला एकाचाही कप्पा सांगावा लागत नाही. फोन आपणहून चेहरे ओळखतो, नावं जोडतो, माणसं एकत्र करतो. 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढीच बटणं. परवाच्या त्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. काशिनाथचे खरे डोळे या फोनने कधी बघितलेलेच नाहीत. त्याच्या दृष्टीने तो बाळारामच आहे, दुसऱ्या सदऱ्यातला.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीच्या सकाळी द्वारकाबाई आली तेव्हा दार नीताने उघडलं. नीता दोन पावलं मागे सरली. म्हणून मी बघितलं. द्वारकाबाईचं कपाळ कोरं होतं. कुंकवाच्या जागी कातडी जरा पांढरी, इतकी वर्षं ऊन न लागलेली. मनगटं मोकळी, बांगड्या उतरवलेल्या.

ती चटईवर बसली. नीता पाणी घेऊन आली आणि तिच्याशेजारीच खाली टेकली.

"बाळारामनी फोटू लावला त्याच्या घरान," द्वारकाबाई सांगायला लागली. नेहमीच्या आवाजात, बोंबील ताजे आहेत म्हणून सांगायची तसंच. "सगली बगून गेली. चांगला हाय म्हनाली. माजी पोरगी रोज जाऊन बगते." पोरगी म्हणजे सुगंधा. बाप बुडाला तेव्हा जेमतेम चालायला लागलेली. "पयल्या दिवशी म्हनाली, आये, ह्यो काका हाय. मी म्हटला, हाय. दुसऱ्या दिवशी कोनीतरी सांगितला तिला, ह्यो तुजा बाबा. आता ती दारान उभी ऱ्हाते आनि त्या फोटूला बाबा म्हनते. बाळारामला बगते आनि म्हनते, काकाला बाबाचे डोले हायत."

खाली कोणाकडे तरी कुकरची शिटी झाली.

"तिला त्याचा त्वांड आठवत नाय," द्वारकाबाई म्हणाली. "मना आठवते. पन माज्यातनं तिला कसा दावू? भिंतीवर लावला तरच ती रोज बगंल. आनि लावायचा तर..." तिने हात कपाळाकडे नेला आणि अर्ध्यावरून खाली आणला. "मी वाट बगत बसले तर पोरीचा बाप बाळाराम व्हईल. म्हनून सकाली पान ठेवला."

मी विचारलं, "मिटलेल्या डोळ्यांचाच लावणार? भावकी काय म्हणेल?"

"म्हनू दे. त्याचाच हाय ना त्वांड." ती म्हणाली, "आता कुठं उघडायचेत त्याला."

मी संगणकाचं झबलं काढलं, यंत्र चालू केलं. ते आपल्या सवयीने घरघरत, कण्हत उठलं. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. पडद्यावर नीताच्या कप्प्यांची रांग आली.

"कंच्या पेटीत हाय?"

रोमन अक्षरं तिला वाचता येत नव्हती. मला काहीही सांगता आलं असतं. पण नीताच म्हणाली, "त्याला वेगळं ठेवलंय, द्वारकाबाई. खाडी नाव दिलंय मी त्या कप्प्याला."

द्वारकाबाईने नीताकडे बघितलं. रागावली असं मला वाटलं. ती म्हणाली, "किती दिस ते लोक खाडीन गल टाकून बसले. तुला घरान बसून घावला." आणि मग माझ्या खांद्यावर बोट टेकवून, "काढ त्याला भायेर."

मी कप्पा उघडला. एकच फोटो. काळं पाणी, बांबू, डोकं. मी तो उचलून 'गेलेले'वर नेला आणि सोडला. त्याला काही आवाज होत नाही. मांडीवरचं पोर हरवलेली ती आई, न घातलेल्या कोटातले ते वडील, अशा रांगेत काशिनाथ जाऊन बसला. ओला, उघडा, मिटलेल्या डोळ्यांचा.

"झाला?"

"झालं."

"तितं आता कोन हाय?"

"कोणी नाही."

ती रिकाम्या कप्प्याकडे बघत राहिली. त्या दिवशी संध्याकाळी मिलिंद विचारायला आला, मग काय, डॉक्टर की कपाट, तेव्हा मी त्याची डॉक्टरची सीडी मुकाट्याने त्याच्या हातात दिली आणि तो बराच वेळ मला चिडवत बसला. पण ते संध्याकाळी. त्या वेळी घरात फक्त प्रिंटर चालू होता, आणि काशिनाथ या खेपेला कागदावर येत होता. आधी केस, मग कपाळ, मग मिटलेल्या पापण्या. द्वारकाबाईने कागदाखाली दोन्ही तळवे धरले होते, खाली पडू नये म्हणून.

शाई वाळेपर्यंत थांबा, नीता म्हणाली. ती थांबली नाही. ओला कागद पदरात न गुंडाळता, दोन्ही हातांवर आडवा धरून ती दारापर्यंत गेली आणि तिथून वळली.

"उंद्यापासून तुमी लोक खानार ना? तुमच्याकडं घट नाय ना बसत."

"उद्या?" नीता म्हणाली. "उद्या येणार आहात तुम्ही?"

"नाय तर काय करू घरान बसून?" ती म्हणाली. "बोंबील आनते. भांडा काढून ठेव."